बाद होण्याचा शिष्टाचार

माझी थोरली मुलगी बेथन तोंडात एक दात घेऊन जन्मली, त्या वर्षाची ही गोष्ट. सन एकोणीसशे तीन. सासूबाई म्हणाल्या, हे लक्षण काही बरं नाही. माझी आई म्हणाली, या गावात बाईमाणसाला जन्मतःच एक दात असलेला बरा. त्याच उन्हाळ्यात माझी थोरली बहीण ग्वेनलियन बेसबॉलच्या मैदानात चेंडू टाकायला उतरली, आणि खालच्या खाणीचे नऊ धट्टेकट्टे, देवभीरू पुरुष तिच्यासमोर एकाएकी इतके सभ्य झाले की ती सभ्यता निस्तरता निस्तरता आमचं चॅपल, खोऱ्याची खेळ-संघटना आणि माझा संसार, तिघांनाही घाम फुटला.

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या डोंगरात दोन खाणी होत्या, वरची आणि खालची. दोन्हीकडची माणसं वेल्सहून आलेली, त्यामुळे गाण्यात, भांडणात आणि प्रार्थनेत सारखीच. खाणी दोन, बेसबॉलचे संघ दोन, पण चॅपल मात्र मधोमध एकच. शनिवारी एकमेकांच्या नडग्या फोडायच्या आणि रविवारी एकाच बाकावर बसून एकाच पुस्तकातून गायचं, अशी रीत होती. सामन्याचे खेळाडूंना पैसे मिळत. म्हणजे तो आता नुसता खेळ नव्हता, धंदा होता, आणि धंद्यात बायकांचं काय काम, यावर दोन्ही खाणींचं एकमत होतं. बायका रेशमाच्या गिरणीत दिवसभर उभ्या राहत, तो धंदा नव्हता. ते मुलींना वळण लागणं होतं.

ग्वेनचा हात तयार झाला तो कोळशाच्या कचऱ्यावर. खाणीतून निघालेला दगडमातीचा गाळ ओतून ओतून गावामागे एक काळा डोंगर झाला होता. त्यात चुकार कोळसा सापडे. तो वेचणं कंपनीच्या लेखी चोरी होती आणि आमच्या लेखी चूल. ग्वेन वर चढायची, मी खाली हातगाडीपाशी उभी राहायची. बादली भरून खाली आणण्यात वेळ जाई आणि पहारेकरी आला तर बादलीसकट पळता येत नसे, म्हणून ती वरूनच एकेक तुकडा गाडीत फेकायची. वर्षानुवर्षं फेकायची. एकदा नेम चुकला, त्याची खूण माझ्या डाव्या भुवईवर अजून आहे. नेम चुकला नव्हता, तू हललीस, असं ती शेवटपर्यंत म्हणायची.

वरच्या खाणीचा संघ होता क्विगलीचा. क्विगली आयरिश, गुत्त्याचा मालक. मैदान गुत्त्याच्या मागे होतं, म्हणून संघही त्याचाच. त्याच्या बोकडाने एकदा आमच्या दोरीवरची चादर खायला घेतली. ग्वेनने स्वयंपाकघराच्या दारातून बटाटा फेकला आणि पार कुंपणाजवळ उभ्या असलेल्या बोकडाच्या दोन शिंगांच्या बरोबर मध्ये मारला. क्विगली भांडायला आला आणि भांडण अर्धवट टाकून बटाटा हातात घेऊन उभा राहिला.

तो म्हणाला, एका शनिवारी खालच्यांविरुद्ध चेंडू टाक, बाई बघायला गर्दी लोटेल. ग्वेन म्हणाली, एक शनिवार नको, मोसमाचा करार दे. गिरणीत ती बारा वर्षांची असल्यापासून उभी होती आणि तिथून सुटायची दुसरी वाट म्हणजे लग्न. ते तिने तोवर दोनदा नाकारलं होतं.

क्विगलीने डोकं खाजवलं. "असं करू. एक शनिवार टाक. खेळ खरा निघाला तर करार. तमाशा निघाला तर तमाशाचे पैसे घे आणि घरी जा."

"खरा की तमाशा, हे ठरवणार कोण?"

"समोर बॅट घेऊन उभा राहील तो. त्यांच्यातला एक जण जरी म्हणाला ना, की मी मनापासून मारायला गेलो आणि जमलं नाही, तर करार तुझा."

ग्वेनला हे सोपं वाटलं. तिला अजून पुरुषांबद्दल फारशी माहिती नव्हती.

माझा नवरा इद्वाल खालच्या संघात होता. तो फार बोलणारा नव्हता. जेवताना बटाटा आणि रविवारी आमेन, एवढं बोलला की त्याचा आठवडा भागायचा. पण बॅट हातात आली की चेंडूला कुंपण ठेंगणं वाटे. खालच्यांचा कप्तान होता हॉपकिन हॉपकिन. नाव आणि आडनाव एकच असल्यामुळे सगळे त्याला दोनदा हॉपकिन म्हणत. तो चॅपलमध्ये मोठ्या बाकावर बसायचा, म्हणजे पाळकाच्या पायाशी, सगळ्यांकडे तोंड करून, जिथे गावातले निष्कलंक लोक बसतात. खाणीत तो आणि इद्वाल जोडीदार होते. एक छताला टेकू ठोकायचा, दुसरा कोळसा काढायचा. जोडीदाराशी वाकडं घेऊन कुणी जमिनीखाली उतरत नाही.

त्या शनिवारी क्विगलीने ग्वेनसाठी झालरीचा पांढरा झगा आणि फीत लावलेली टोपी पाठवली. आईने झालर कापून बेथनला टोपडं शिवलं. ग्वेन गिरणीचा निळा घागरा घोट्यापर्यंत आखूड करून मैदानात गेली.

पहिला आला दोनदा हॉपकिन. त्याने टोपी काढली, ग्वेनपुढे कमरेतून वाकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने टोपी घातली, हातावर थुंकला आणि बॅट अशी फिरवली की लागली असती तर चेंडू शेजारच्या परगण्यात सापडला असता. ग्वेनचा चेंडू येता येता ऐन वेळी खाली बसला. हॉपकिन स्वतःभोवती फिरला. दुसऱ्यांदा त्याने दात आवळले. तिसऱ्यांदा बॅट हातातून निसटून त्याच्याच संघाच्या पाण्याच्या पिंपात पडली आणि तो मातीत बसला. तीन वेळा चुकलं की माणूस बाद.

मग हॉपकिन उठला, पार्श्वभागाची माती झटकली, पुन्हा टोपी काढली आणि पुन्हा वाकला. या वेळी हात छातीवर. "बाईंपुढे माघार," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

असा तो शिष्टाचार जन्माला आला. पुढचे सगळे तसेच बाद झाले आणि सगळे वाकले. मारायला जाताना त्यांच्या मानेच्या शिरा दोरासारख्या ताठ व्हायच्या, आणि चुकले की तोंडावर मंद हसू यायचं. ईफन, जो खाणीत खेचरं हाकायचा आणि खेचरांशी बोलता बोलता त्यांच्यासारखाच झाला होता, तो तर बाद झाल्यावर दोनदा वाकला, कारण तो दोनदा बाद झाला. वाकला नाही फक्त इद्वाल. तो तिसऱ्यांदा चुकला, त्याने बॅटकडे बघितलं, ग्वेनकडे बघितलं आणि जाऊन बाकावर बसला. वरची खाण जिंकली.

संध्याकाळपर्यंत गावात एकही पुरुष असा उरला नाही ज्याला त्या सामन्यात काय झालं ते कळलं नव्हतं. मुलीच्या जातीला कसं मारायचं. तिचा दिवस खराब कसा करायचा. हॉपकिन म्हणाला, माझ्या दिवंगत आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. ईफन म्हणाला, माझ्यासुद्धा, हॉपकिनच्या आईचा.

ग्वेन एकेकाच्या दारात गेली. प्रत्येकाने तिला चहा दिला, बसायला खुर्ची दिली, आणि तिचा हात बाईच्या मानाने छान आहे असं सांगितलं. क्विगली म्हणाला, मी काय करू, नऊ माणसं म्हणतात तमाशा होता. एकाचा शब्द आण.

ती शेवटी आमच्याकडे आली. इद्वाल न्हाणीच्या टबात बसला होता, पाठीवरचा कोळसा मी घासत होते. ती दाराबाहेरूनच बोलली.

"इद्वाल, तू मारायला गेला होतास की नाही?"

त्याने काही उत्तर दिलं नाही. मी ब्रश जरा जोरात घासला. तरी नाही. ती गेल्यावर म्हणाला, "नेस्टा, उद्या मला त्या आठ जणांबरोबर खाणीच्या पिंजऱ्यातून खाली उतरायचंय. परवाही उतरायचंय."

मला राग आला, पण त्याचं बोलणं मला समजत नव्हतं असं नाही. माझे वडील त्याच पिंजऱ्याने खाली गेले होते आणि परत आले ते घोंगडीत.

आईला मात्र काही समजून घ्यायचं नव्हतं. चॅपलमध्ये आठवड्यात एकदा संध्याकाळी बैठक भरते. ज्याच्या आत्म्याला जी टोचणी असेल ती तो उभा राहून सांगतो आणि मोठा बाक त्यावर सल्ला देतो. एरवी टोचण्या त्याच त्या असत. कुणी प्रार्थनेत झोपलं, कुणाला शेजाऱ्याच्या डुकराचा हेवा वाटला. त्या आठवड्यात आई उभी राहिली.

"पाळकसाहेब, मी अडाणी बाई. शनिवारी पदरचे पैसे देऊन सामना बघायला गेले. आता खेळणारे सांगतात, आम्ही मुद्दाम हरलो. लोकांकडून खऱ्याचे पैसे घेऊन त्यांना खोटं दाखवलं, तर त्याला लबाडी म्हणायचं की चोरी? मला आपलं एवढंच सांगा. झोप लागत नाही."

पाळक रोलँड्स हे बारीक, फिकट गृहस्थ. त्यांनी तो सामना रुळांवर उभ्या असलेल्या कोळशाच्या वाघिणीमागून फुकट बघितला होता, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. ते लाल झाले. म्हणाले, प्रश्न गंभीर आहे. प्रश्न खरंच गंभीर होता. आमच्या लोकांत माणूस प्यायला तर रडून सुटतो, पण पैसे घेऊन सामना सोडणारा पुन्हा उंबऱ्याच्या आत येत नाही.

मग पाळकांनी एकेकाला विचारलं. प्रश्न अगदी सरळ होता. मुद्दाम बाद झालात, की खरोखरच बाद झालात?

दोनदा हॉपकिन मोठ्या बाकावर बसलेला होता. एका बाजूला त्याची जागा, त्याचं नाव, वीस वर्षांची निष्कलंक चाकरी. दुसऱ्या बाजूला गिरणीतल्या मुलीचा चेंडू. तो खूप वेळ छताकडे बघत राहिला. मला वाटतं त्याने खरोखर प्रार्थना केली. मग उठला आणि म्हणाला, "मी पाप केलं."

ईफननेही पाप केलं. त्यानंतरच्यानेही केलं. एकामागून एक सगळे उठले आणि लबाड ठरले, आणि प्रत्येकाच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसत होतं. इद्वाल उठला पण बोललाच नाही. पाळकांनी दोनदा विचारलं. मोठ्या बाकाने ठरवलं की मौन म्हणजे कबुली.

नऊही जणांना सुगीच्या प्रार्थनेपर्यंत मंडळीतून बाहेर काढलं आणि सगळ्यांत मागच्या बाकावर बसवलं. खर्जातले सगळे आवाज मागे गेल्यामुळे पुढचं गाणं बायकांच्या शिवणमंडळासारखं ऐकू यायला लागलं. पण मागे बसलेल्यांच्या छात्या अशा फुगल्या होत्या की बघणाऱ्याला वाटावं, बक्षीस मिळालंय. आईने बेत केला होता तो माणसांना लाज असते असं धरून.

ग्वेन म्हणाली, "आई, यांना नरक चालतो. मी नाही चालत."

इथेच हे संपलं असतं आणि ग्वेन गिरणीत म्हातारी झाली असती. पण चॅपलची बातमी डोंगर उतरून खोऱ्यात गेली, आणि तिथे संघटनेचे चिटणीस श्टाउफर यांच्या कानावर पडली. श्टाउफर जर्मन होते. घोड्यांचं सामान शिवायचे. त्यांना वेल्श शिष्टाचार वगैरे कळत नव्हता, शब्द कळायचे. नऊ खेळाडूंनी देवासमोर कबूल केलंय की पैसे घेऊन आम्ही मुद्दाम हरलो. ठीक आहे. नऊही जणांना कायमची बंदी.

हॉपकिन रविवारचा कोट घालून त्यांच्या दुकानात गेला. म्हणाला, साहेब, तसं नव्हतं, ते आपलं चॅपलपुरतं बोललो.

श्टाउफरने दाभण खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही देवाच्या घरात खोटं बोललात?"

हॉपकिन म्हणाला, तसंही नाही. मग कसं, ते त्याला सांगता येईना. खरं एकच वाक्य उरलं होतं आणि ते त्याच्या घशातून वर येत नव्हतं. श्टाउफर म्हणाले, माझ्यासमोर पुन्हा खेळा. ती मुलगी टाकेल. तुम्हाला मारता आलं नाही, तर पहिल्यांदाही खरोखर येत नव्हतं असं मी धरीन आणि बंदी उठवीन. ज्याला मारता आलं, तो पहिल्यांदा लबाडी करत होता. तो गेला.

दुसऱ्या दिवशी आठ जण टोप्या हातात घेऊन आमच्या आईच्या स्वयंपाकघरात उभे. आईने आधी सगळ्यांना बूट पुसायला लावले, मग तव्यावरच्या मनुका घातलेल्या टिक्क्या दिल्या. फार गोड बोलत होती. इद्वाल आला नव्हता.

"ग्वेन, पोरी," हॉपकिन म्हणाला, "आम्हाला पुन्हा एकदा बाद कर."

"मी करू, की तुम्ही होणार?"

"आता काय ते एकदाचं होऊ दे."

ती हो म्हणाली. ते गेल्यावर माझ्याजवळ बसली आणि हसत सुटली, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. "बघितलंस का नेस्टा? पहिल्यांदा सगळे जीव तोडून खेळले आणि म्हणाले, मुद्दाम हरलो. आता मुद्दाम हरतील आणि म्हणतील, जीव तोडून खेळलो. मला काय मिळालं?"

"मग हो कशाला म्हणालीस?"

"नऊ जण येणारेत. एखादा तरी चेंडू खरा पडेल."

त्या शनिवारी दोन्ही खाणी, चारी डोंगर आणि खोऱ्यातले अर्धे जर्मन मैदानात लोटले. क्विगलीने पिंपांवर पिंपं उघडली. पाळक रोलँड्स या वेळी पैसे देऊन आत आले, कारण वाघीण हलवलेली होती. श्टाउफर स्वतः पंच म्हणून उभे राहिले, दुकानातला चामड्याचा एप्रन अंगावर तसाच.

दोनदा हॉपकिन आला. आज वाकला नाही. ग्वेनने चेंडू टाकला, तिचा तोच, खाली बसणारा. हॉपकिनने चेंडूच्या हातभर वर बॅट फिरवली, तीही चेंडू मागे झेलायला बसलेल्याच्या हातात जाऊन पोचल्यावर. ग्वेन त्याच्याकडे बघत राहिली. चेंडू परत आला तेव्हा तिने तो घागऱ्याला पुसला आणि दुसरा टाकला तो खालून, हळूच, तान्ह्या मुलाकडे लोकरीचा गुंडा टाकावा तसा.

तो चेंडू आमच्या बेथनने मारला असता. तो हवेत तरंगत आला, हॉपकिनच्या नाकासमोर जवळजवळ थांबला. आणि हॉपकिन, ज्याने खाणीत हातोडीच्या एका घावात खांब बसवला होता, त्याने तो चुकवला. चुकवायला त्याला किती कष्ट पडले, ते त्याच्या कपाळावर दिसत होतं.

आधी एक बाई हसली. मग सगळ्या बाजूंनी हसू फुटलं. आई उठून उभी राहिली आणि गोड आवाजात म्हणाली, "हॉपकिन बाळा, वारा घालतोयस का तिला? उकडतंयच आज."

मग ग्वेनने प्रत्येकाला तसेच चेंडू दिले. एकाहून एक हळू. एक तर तिने टप्पा देऊन टाकला. ते खांद्याने रुंद, हाताने राकट पुरुष हवेत बॅटी घुसळत होते आणि मैदान डोळे पुसत होतं. ईफनच्या बॅटला चेंडू चुकून लागला. म्हणजे त्याने बॅट बाजूला घेतली आणि चेंडू तिकडेच आला. तो इतका घाबरला की त्याने श्टाउफरकडे बघून माफी मागितली. चेंडू रेषेबाहेर घरंगळला, म्हणजे फटका धरायचा नाही, तेव्हा श्टाउफरने नकाराची मान हलवली आणि ईफन देवाचं नाव घेऊन पुढचे चुकला. हे सगळं होत असताना श्टाउफरच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. नियम ठरलेला होता. मारता येत नाही, म्हणजे येत नाही.

सगळ्यांत शेवटी इद्वाल आला.

ग्वेनने हात खालून उचलला तसा तो बाजूला झाला. बॅट जमिनीवर टेकवली. त्याला इतक्या लोकांसमोर बोलताना मी कधी बघितलं नव्हतं, लग्नातही त्याच्या वतीने भाऊच बोलला होता.

"नीट टाक," तो म्हणाला. "मी नीट मारणार आहे. त्या दिवशीही नीटच मारत होतो. मनापासून. नाही जमलं."

हॉपकिनने बाकावरून हाक मारली, "इद्वाल, वेड्या, बायकापोरांचा विचार कर." म्हणजे माझा. मी बेथनला कडेवर घेऊन मैदानाच्या दोरीपाशी उभी होते. शनिवारचे पैसे म्हणजे आमचं निम्मं घरभाडं. तो माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली की नाही, मला आठवत नाही. बेथन ओरडली एवढं आठवतं.

ग्वेनने चेंडू हातात फिरवला. मग ती तशी वळली जशी कचऱ्याच्या डोंगरावर वळायची, आणि टाकला. पहिला तो चुकला, अगदी केसभराने, बॅट फिरली त्याचा वारा आम्हाला लागला. दुसराही चुकला. लोक श्वास रोखून होते, कारण त्या दिवशी पहिल्यांदाच कुणीतरी बेसबॉल खेळत होतं. तिसरा चेंडू आला आणि बसायला लागला, आणि इद्वाल त्याच्याबरोबर खाली गेला. लाकडाचा आवाज झाला. चेंडू कुंपणावरून गेला, गुत्त्याच्या धुराड्यावरून गेला आणि काळ्या डोंगरावर कुठेतरी पडला. तो नंतर कुणाला सापडला नाही.

तो धावत धावत ग्वेनजवळून गेला तेव्हा ती म्हणाली, "उशीर केलास." हसत होती ती. सगळ्या दिवसात तिला एकच खरा माणूस मिळाला होता आणि त्याने तिचा चेंडू फोडला होता, पण इतकी खूश मी तिला आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

श्टाउफरने निकाल दिला. आठ जण निर्दोष. इद्वाल प्रॉथरो याला चेंडू मारता येतो हे सिद्ध झालंय, म्हणजे पहिल्या सामन्यात तो मुद्दाम हरला. कायमची बंदी.

ग्वेन त्यांच्या अंगावर धावून गेली. म्हणाली, साहेब, आज खरा खेळला तो एकटा.

"त्याने स्वतः सांगितलं, त्या दिवशी लागला नाही," श्टाउफर म्हणाले. "आज लागला. मी तेच तर म्हणतोय."

मग ती क्विगलीकडे वळली. एक जण म्हणालाय ना, मनापासून मारत होतो म्हणून, भर मैदानात. क्विगलीने हात चोळले. म्हणाला, म्हणालाय खरा, पण तो आता लबाड ठरला, लबाडाचा शब्द कसा धरायचा. तेवढ्यात त्याचा माणूस सांगत आला की सगळी पिंपं रिकामी झाली आणि लोक अजून मागतायत. क्विगलीने रिकाम्या पिंपांकडे बघितलं, ग्वेनकडे बघितलं आणि तिला करार दिला. माझी बहीण आमच्या खोऱ्यात पगार घेऊन चेंडू टाकणारी पहिली बाई झाली, ती बिअर संपली म्हणून.

तिने तो मोसम काढला आणि पुढचा अर्धा. पुरुष तिचे चेंडू मारू लागले तेव्हा ती त्यांची ताकद असे, आणि चुकले की ती त्यांची सभ्यता. मग संघटनेने नियम केला की बाईने चेंडू टाकू नये, कारण त्यामुळे पुरुष खेळाडूंच्या सचोटीवर ताण येतो. हे वाक्य मी पुढे म्हातारपणी वाचायला शिकल्यावर स्वतः वाचलं, म्हणून सांगते, जसंच्या तसं आहे. ग्वेन गिरणीत परत गेली नाही. क्विगलीच्या मैदानाची देखभाल तिने हाती घेतली आणि त्याच्या मागे मैदान चालवलंही तिनेच. तिथे खेळणाऱ्या प्रत्येकाला ती आधी तीन चेंडू टाकायची. जो वाकायचा, त्याला ती मैदानात घेत नसे.

सुगीच्या प्रार्थनेला आठ जणांनी रडून क्षमा मागितली आणि ते आपापल्या जागी परत गेले, दोनदा हॉपकिन मोठ्या बाकावर. इद्वालला क्षमा करता येईना, कारण त्याने काही कबूलच केलं नव्हतं. तो मागच्या बाकावर राहिला. खाणीतही हॉपकिनने जोडीदार बदलला. इद्वाल मग एका लिथुएनियन माणसाबरोबर पाणी साचणाऱ्या वाईट जागी काम करायचा, ज्याला आमची भाषा येत नव्हती, आणि इद्वाल म्हणायचा, असा चांगला जोडीदार आपल्याला आधी मिळाला नव्हता. रविवारी ग्वेन आपली जागा सोडून मागे येऊन त्याच्या बाकावर बसायची. पाळकांनी एकदा हरकत घेतली, तेव्हा आईने त्यांना वाघिणीची आठवण करून दिली.

हॉपकिन हॉपकिन एकोणीसशे एकोणीसच्या हिवाळ्यात छातीत कोळसा साचून वारला, आणि अंत्यविधीच्या प्रवचनात त्याच्या स्त्रीदाक्षिण्याचा उल्लेख झाला. माझा नवरा इद्वाल प्रॉथरो एकोणीसशे एकतीसच्या मार्चमध्ये, त्याच दुखण्याने वारला. माझी बहीण ग्वेनलियन एकोणीसशे चव्वेचाळीस साली, सात ऑक्टोबरला वारली.